दिवाणावरची घोडदौड

एका हातानं तांदूळ निवडून झाले, टीव्हीवरच्या मालिका बघून झाल्या, तरी दुपार सरेना. घोडेस्वारी शिकताना पडून वैजयंतीचा डावा हात प्लास्टरमध्ये गेला होता आणि सासूबाईंनी बजावलं होतं, "आता या घरात घोड्याचं नाव काढायचं नाही!"

सासूबाई भजनाला बाहेर पडल्या, तशी तिनं दिवाणावर एकावर एक लोड रचले, त्यांना ओढणीचा लगाम बांधला आणि टांग टाकून बसली. "चल गं राणी!" दिवाण करकरला, केस सुटले, आणि कितीतरी दिवसांनी वैजयंती पोटभर हसली.

"चष्मा विसरले म्हणून परत आले," मागून आवाज आला. दारात सासूबाई उभ्या होत्या. वैजयंतीनं पटकन लगाम सोडला. संपली आता आपली घोडेस्वारी, कायमची!

सासूबाईंनी लोडांकडे पाहिलं, लगामाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "लहानपणी आमच्या गावच्या जत्रेत घोडा यायचा. भाऊ बसायचे. आम्हा मुलींना कधी बसू दिलं नाही." त्यांनी पदर खोचला. "सरक जरा पुढे."

मग काय, दोघी उधळल्याच! दिवाणाची करकर ऐकून आत झोपलेले सासरे धावत आले आणि बायकोला पाहून जागच्या जागी थिजले.

"अगं, हे काय चाललंय?"

"आधी बाजूला व्हा!" सासूबाई ओरडल्या. "आणि हिचं प्लास्टर निघालं, की हिच्याबरोबर घोडेस्वारीच्या क्लबात माझंही नाव घाला!"