घर खरं आहे

नवरा गेल्यावर आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातल्या बर्नडेटने घराचा वरचा मजला भाड्याने द्यायचं ठरवलं. इंटरनेटवर जाहिरात टाकली, महिना सहाशे युरो. तीन आठवड्यांत एकही फोन आला नाही.

"आई, इतकं स्वस्त बघून लोकांना फसवणूक वाटते गं," लेक ग्रॉन्या म्हणाली आणि तिने नव्या जाहिरातीत तेराशे लिहिले.

दुसऱ्याच दिवशी सोर्का नावाची नर्स आली. खोल्या बघून ती जिन्यातच बसली. "अर्ध्याहून जास्त पगार जाईल, काकू. पण घर खरं आहे, तेवढं पुरे. याच गल्लीतलं एक सहाशेला दिसलं होतं. लबाडी असणार, म्हणून मी फोनच केला नाही."

बर्नडेट काही बोलणार, तोच ग्रॉन्याने करारपत्र पुढे सरकवलं. "आई, इथे सही कर."