नवरीचा गजरा

“ह्यो निशिगंध कालचा हाय,” भामाबाई म्हणाली आणि तिनं चौथी टोपली मागं सारली.

जिलानीला लातूरच्या गंजगोलाईत फुलं विकून चाळीस वर्षं झाली होती. पण वांगं दाबून बघावं तसा गुलाब दाबून बघणारं गिऱ्हाईक त्याला आजच भेटलं. ट्युशन एरियात ह्या बाईची खानावळ होती. डॉक्टर व्हायला आलेली दीडशे पोरं तिच्या हातचं जेवायची. तिला दुरून येताना बघूनच भाजीवाले सुकलेली मेथी पोत्याखाली ढकलायचे.

“बाई, लग्न कधी हाय?”

“उद्या अकराला. रजिस्टर.”

“म्हंजे दोन हार आन् एक गजरा. तेवढ्यासाठी अर्धं दुकान उलटंपालटं केलंत तुम्ही.”

“फुलं चांगलीच पाह्यजेत,” ती म्हणाली आणि पाचव्या टोपलीकडं वळली.

जिलानीनं तिचं मोकळं कपाळ बघितलं. पोरीचं लग्न, आणि धावपळ करायला ही एकटीच. त्याला कणव आली. त्यानं तिला स्टूल दिलं, चहा सांगितला.

“नवरदेव काय करतो?”

“टेम्पो हाय. औशाहून भाजी आणतो.”

“आन् नवरी किती शिकली?”

“चौथी.”

जिलानीच्या हातातली बशी तशीच राहिली. कुठकुठून पोरं लातुरात शिकायला येऊन राहिली होती, आणि हिनं आपल्या पोरीला चौथीतच घरी बसवलं होतं. त्याची कणव आटली.

“राग नका मानू,” तो म्हणाला, “पण लोकांच्या लेकरांना डॉक्टर करायला निघालात, आन् घरच्या पोरीला शाळा न्हाई?”

“गावात पुढं शाळाच नव्हती,” भामाबाई चहावर फुंकर घालत शांतपणे म्हणाली.

“कोणतं गाव?”

“किल्लारीच्या अंगाला.”

जिलानीनं बशी खाली ठेवली. ते नाव निघालं की लातुरात माणूस आपोआप हळू बोलायला लागतो.

“भूकंपात मालक गेले,” ती म्हणाली. “वीस साल झाले. तवापासून फुलाच्या दुकानाची पायरी चढले न्हाई.”

“माफ करा, बाई. मी उगंच बोलून गेलो.”

तो उठला. एका मोठ्या गिऱ्हाइकासाठी ओल्या गोणपाटात जपून ठेवलेला पहाटेचा मोगरा त्यानं आतून आणला आणि तिच्यापुढं धरला. भामाबाईनं ओंजळ भरून घेतली. ह्या फुलांना तिनं दाबून बघितलं नाही, देठही मोडला नाही. ओंजळ नाकाशी नेऊन ती डोळे मिटून बराच वेळ बसून राहिली. बाहेरून ऑटोवाल्याचा हॉर्न वाजला तेव्हा कुठं तिनं डोळे उघडले.

“हा चालंल,” ती हळूच म्हणाली.

जिलानीचा जीव भांड्यात पडला. त्यानं दोरा ओला केला.

“नवरीचे केस केवढे हायेत? त्या मापानं ओवतो.”

भामाबाईनं रस्त्यावर इकडं-तिकडं बघितलं. खानावळीतलं कुणी आसपास नव्हतं. ती स्टुलावरून उठली, तिनं डोईवरचा पदर खाली घेतला आणि त्याच्याकडं पाठ केली. करड्या केसांची जाडजूड वेणी कमरेपर्यंत आली होती.

“बघून घ्या, चाचा,” ती म्हणाली. “आन् जरा दाट ओवा.”