काजळाची मिशी

“शिकनं पुरे झालं आता. मी हाये तोवर तुले उजवून टाकू दे, मंग मी मरायले मोकळा.”

काजळानं मिशी रेखलेल्या प्रणालीनं हे वाक्य म्हटलं आणि तिची नजर सायकल स्टँडकडे गेली. तिथे तिचे बाबा, भगवंतराव, उभे होते. खरोखर आले होते.

अमरावतीच्या त्या कॉलेजात महिला जागृती सप्ताह चालला होता. पथनाट्यातल्या बापाचं काम आधी नितेशकडे होतं. तो नुसता सिनेमातल्या खलनायकासारखा गुरकावायचा. “बाप असा नसतो रे,” प्रणाली एकदा म्हणाली, आणि ते काम तिच्याच गळ्यात पडलं. संवाद तिला पाठ करावे लागले नाहीत. तिवशाला घरी ती ते रोजच ऐकत होती. मूर्तिजापूरचे पाहुणे तिला पाहून गेले होते. आज संध्याकाळपर्यंत त्यांना होकार कळवायचा होता, आणि बीएस्सीचं शेवटचं वर्ष अजून अर्धं बाकी होतं. घरात बाबांसमोर तिची जीभच उचलत नसे. म्हणून तिनं त्यांना इथे बोलावलं. आपले शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकले की माणूस वरमतो, असं तिला वाटलं होतं. वेडी पोर!

ती जीव तोडून बोलली. “रात्री डोया लागत नाही मले. लोकं इचारतात, पोरीचं काय केलं?” बोलता बोलता तिनं बाबांसारखंच खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. खिदळणारी पोरं गप्प झाली. मुलीचं काम करणाऱ्या रागिणीनं “बाबा, मले शिकू द्या” म्हणून हंबरडा फोडला, तरी लोक बघत होते ते बापाकडेच. शेवटी बापानं मान खाली घातली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

भगवंतराव गर्दीतून वाट काढत आले. त्यांचे डोळे भरून आले होते. ते पाहून प्रणालीला आनंदानं रडूच फुटायचं बाकी होतं. जिंकली होती ती!

“घरात कोनी समजून घेत नाही मले,” ते म्हणाले. “तुले समजलं वं बाई. माह्या मनातला एक न एक शब्द बोलली. फक्त शेवटी मान खाली घालाची नव्हती.”

“बाबा, ते नाटक होतं. मले तं...”

त्यांनी मूर्तिजापूरला, मुलाच्या वडिलांना फोन लावलासुद्धा. प्रणालीनं घाईघाईनं मिशी पुसली. काजळ गालभर पसरलं.

“केशवराव, होकार हाये आमचा,” भगवंतराव हुंदका आवरत म्हणाले. “माह्या एकट्याचा नाही, पोरीचाबी. आत्ताच भर कॉलेजात, एवढ्या लोकायसमोर, आपल्या तोंडानं बोलली.”