हातच्याची बेरीज

मी मुख्याध्यापिका बाईंसमोर उद्याच्या रजेचा अर्ज ठेवला. आधीच दोन शिक्षिका रजेवर, त्यात उद्या शाळेची तपासणी. टेबलावर खात्याचा फॉर्म पडला होता, ‘तुम्हाला कामातून किती समाधान मिळतं? दहापैकी.’ पुढे बाईंनी ठसठशीत दोन लिहिले होते. म्हटलं, आता आपली धडगत नाही.

“उद्याचाच बरा मुहूर्त सापडला तुम्हाला!”

“आईचं ऑपरेशन आहे, बाई. तारीख आत्ता कळली.”

दारात कारकून भाऊसाहेब तपासणीच्या तक्त्यांचा गठ्ठा घेऊन ताटकळत होते. बाईंचं पेन अर्जावर येऊन थांबलं.

“दुसरीला उद्या काय शिकवणार होतात?”

“हातच्याची बेरीज. अजून अर्ध्या वर्गाच्या डोक्यात शिरलेली नाही.”

“मग वर्ग कोण घेणार?”

बाईंनी दारातल्या तक्त्यांच्या गठ्ठ्याकडे एक नजर टाकली. मग त्यांनी एकदम सही केली. त्यांचं मन बदलायच्या आत मी दार गाठलं, तेवढ्यात मागून आवाज आला.



“भाऊसाहेब, फॉर्मवरचे ते दोन खोडून दहा करा. आणि मला एक खडू द्या हो, सहा वर्षं झाली हातात धरून!”