भोंग्याखालचं फडकं

मावशीच्या बेकरीला आग लागली, त्यानंतर आज भाची पहिल्यांदाच भट्टीसमोर उभी होती. पावाचा खमंग वास सुटला आणि छतावरचा धुराचा भोंगा कोकलायला लागला. झालं! तिची छाती धडधडली, हातांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. 'मेले आता,' असं वाटून पाय दाराकडे वळले. मावशीनं मात्र खांद्यावरचं फडकं काढून रोजच्यासारखं भोंग्याखाली फडफडवलं. "मेल्याला आग कुठली नि पाव कुठला कळत नाही! कोकलू दे, तू पाव बघ." आगीनंतर भाचीला अशी धडकी भरायची, तेव्हा डॉक्टरही तिच्या मेंदूतल्या भोंग्याबद्दल हेच सांगायचे! ती दारातून मागे फिरली. मावशीचं फडकं ओढून घेत तिनं स्वतःच्याच छातीसमोर जोरजोरात फडफडवलं. "कोकल मेल्या, किती कोकलायचंय ते!" मावशीला हसू आवरेना. "गप्प झाला का गं?" "छे, बोंबलतोच आहे अजून!" म्हणत तिनं भट्टीतून टम्म फुगलेले पाव काढले.