तव्यापुढे आडवा हात

खाडीकाठच्या त्या गावात समुद्राचं पाणी तापल्या तव्यांवर आटवून, वाफेपासून पिण्याचं पाणी करत. तव्याचा ताव जोखणारा यंत्राचा हात शेवंताबाईंचं काम पाहून शिकला होता. बाई जाऊन पंधरा दिवस झाले, तरी तो त्यांच्याच लयीत चालत होता. ती लय पुसायला वारसाची सही लागे, म्हणून मुलगी वृंदा आली होती.

"बाईंचं कसब खरंच, ताई," यंत्र सांभाळणारा गिरप म्हणाला. "तवा जास्त तापला तर थेंब आटत नाही, वाफेवर नाचत पळतो. ते हा बरोबर ओळखतो. पण दर थेंबामागे चार सेकंद वाया घालवतो. बघा तुम्हीच."

हाताने खाऱ्या पाण्याचा थेंब टाकला. थेंब आटला, मिठाचं कडं उमटलं आणि तडतडून दाणे उडू लागले. तेवढ्यात हात मागे येऊन तव्यापुढे आडवा धरला गेला, वृंदाच्या कमरेजवळ. तडतड थांबेपर्यंत तो हलला नाही.

लहानपणी शाळा सुटली की वृंदा इथेच येऊन आईला खेटून उभी राहायची. तेव्हा तडतड सुरू झाली की आईचा हात असाच आडवा, तिच्या छातीशी यायचा.

"याला शिकवलं कधी?"

"तीन वर्षं झाली."

तेव्हा वृंदा चाळिशीची होती आणि परगावी राहत होती.

"सही करताय ना?"

"नको. राहू दे," ती म्हणाली आणि पुढचा थेंब पडायच्या आत हातामागे जाऊन उभी राहिली.