देवेशची ट्रान्सफर

भांडुपच्या आमच्या फुटबॉल क्लबने टर्फचं आठ महिन्यांचं भाडं थकवलंय. टर्फचे मालक माणिकशेठ यांची स्वतःची टीम आहे. ते म्हणाले, "पैसे नाहीत ना? मग तुमचा एक प्लेयर द्या."

तेव्हापासून आमच्या स्ट्रायकरचा, देवेशचा, जीव थाऱ्यावर नव्हता. ग्रुपवर सारखं तेच, "शेठ मलाच मागणार यार! मी गेलो की तुमची वाट लागली समजा." त्याच्या आईने तर मला फोन केला, "माझ्या झिलाक विकतास काय रे?"

शेवटी जड मनाने आम्ही शेठना देवेशचंच नाव कळवलं.

दोन मिनिटांत उत्तर आलं.



"अर्धं भाडं माफ! फक्त रविवारी आमच्याविरुद्ध देवेशला नक्की खेळवा."